परदेशात मिळणारी वागणूक: नियम कोणता, रीत कोणती आणि वर्णद्वेष कोणता

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून परदेशी जाणे ही आता अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनाला जातात, अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले पुढील शिक्षणासाठी जर्मनी गाठतात आणि आखाती देशांत नोकरीला असलेला एखादा तरी माणूस बहुतेक गल्ल्यांत सापडतो. अलीकडे यात भर पडली आहे ती साठी ओलांडलेल्या आईवडिलांची, जे मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहण्यासाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसतात. तिकीट निघाले, औषधांच्या पिशव्या भरून झाल्या, की त्यांच्यापैकी कोणीतरी हमखास विचारते, “तिकडे आपल्या लोकांना त्रास देतात म्हणे, खरे आहे का हो?”

प्रश्न पोकळ नाही. जुलै २०२५ मध्ये आयर्लंडमधील डब्लिनजवळच्या टाला या उपनगरात एका भारतीयाला टोळक्याने मारहाण केली, त्यानंतर आणखी काही हल्ले झाले आणि १ ऑगस्टला तेथील भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. ३१ ऑगस्टला ऑस्ट्रेलियातील अनेक शहरांत स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले आणि त्यांच्या प्रचारात भारतीयांचा थेट उल्लेख होता. अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या की त्यांतली तारीख गळते, गाव गळते, आणि वाचणाऱ्याच्या मनात सगळा परदेश एकसारखा धोकादायक ठरतो.

बहुतेक प्रवासी कोणतीही इजा न होता परत येतात, हे खरे आहे. पण डावलले जाणे, जास्तीची तपासणी, रस्त्यात ऐकू आलेली शिवी, हे अनुभवही खोटे नाहीत. अडचण अशी आहे की परदेशात तुसडेपणाने बोलणारा प्रत्येक जण वर्णद्वेष्टा नसतो आणि हसतमुखाने “जागा शिल्लक नाही” असे सांगणारा प्रत्येक जण निर्दोषही नसतो. समोरच्याच्या मनात काय आहे याचा तपास करण्यात प्रवाशाने आपली शक्ती घालवू नये, असे माझे मत आहे. त्यापेक्षा दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्यालाही हीच वागणूक मिळाली असती का? आणि या माणसाच्या हातात माझ्याबाबत नेमका किती अधिकार आहे? पहिल्या प्रश्नावरून प्रकार ओळखता येतो आणि दुसऱ्यावरून काय करायचे ते ठरते.

पासपोर्टवरून होणारा भेद

सांबरा विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही, त्यामुळे आपला माणूस गोवा, मुंबई किंवा बेंगळुरूहून निघतो आणि परक्या देशातील पहिला परका माणूस त्याला भेटतो तो इमिग्रेशनच्या काचेमागे. तेथे प्रश्न विचारले जातात, कधी दोनदा विचारले जातात, आणि मागच्या रांगेतले गोरे प्रवासी भराभर पुढे सरकताना दिसतात. हा अपमान वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो बहुतेक वेळा वर्णभेद नसतो. वांशिक भेदभाव नष्ट करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९६५ मध्ये स्वीकारला आणि भारताने १९६८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्या कराराच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की एखादा देश आपले नागरिक आणि परके नागरिक यांच्यात जो फरक करतो, त्याला हा करार लागू नाही. म्हणजेच पासपोर्टवरून भेद करण्याची मुभा सर्व देशांनी स्वतःकडे राखून ठेवली आहे.

त्या मुभेची झळ भारतीयांना बरीच बसते. युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतील साधारण १५ टक्के नाकारले गेले. व्हिसा मिळाल्यावरही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि राहण्याचा पत्ता, परतीचे तिकीट व खर्चाची सोय दाखवण्याची तयारी ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. ती पाहून “आपल्यालाच गुन्हेगारासारखे वागवतात” असे म्हणणारे भेटतात. प्रत्यक्षात थोड्या मुक्कामासाठी येणाऱ्या अमेरिकी आणि जपानी प्रवाशांचेही ठसे घेतले जातात. पहिला प्रश्न येथे लगेच उपयोगी पडतो.

याच टप्प्यावर आईवडिलांची एक ठरलेली फजिती होते. अधिकारी विचारतो, कशासाठी आलात? वडील आठवतील तेवढे इंग्रजी शब्द गोळा करून “डॉटर, डिलिव्हरी, हेल्प” असे सांगतात. अधिकाऱ्याच्या कानावर पडतो तो शेवटचा शब्द, आणि पर्यटक म्हणून आलेली ही जोडी येथे घरकाम व मूल सांभाळण्याचे काम करणार आहे की काय, अशी शंका त्याला येते. मग त्यांना बाजूच्या खोलीत बसवले जाते, बॅगा उघडल्या जातात, मुलीला फोन लावला जातो. मुलीला भेटायला आलो आहोत, अमुक तारखेला परत जाणार आहोत, हे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही. मुलीने पाठवलेले निमंत्रणपत्र, तिचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवावा. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते.

कस्टममध्ये डबा काढून घेतला जाणे हाही असाच प्रकार. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे, आणि आपला कुंदा तर खव्याचाच. ऑस्ट्रेलियात याहून कडक नियम आहेत आणि खाद्यपदार्थ असल्याचे कागदावर जाहीर न केल्यास जबर दंड होतो. नातवासाठी हौसेने नेलेला किलोभर कुंदा डोळ्यांदेखत कचऱ्यात जातो तेव्हा वाईट वाटते, पण त्या टोपलीत इतर देशांच्या प्रवाशांची लोणी आणि सॉसेजसुद्धा पडलेली असतात.

नियमाच्या आडून वर्णभेद होतच नाही असे मात्र नाही. जर्मनीत रेल्वेगाडीत पोलिसांनी केवळ कातडीच्या रंगावरून एका विद्यार्थ्याकडे ओळखपत्र मागितले, ते प्रकरण कोब्लेंझच्या उच्च प्रशासकीय न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने असे वर्तन राज्यघटनेतील समानतेच्या तरतुदीशी विसंगत असल्याचे स्पष्ट केले. पोलिसांच्या वतीने त्या विद्यार्थ्याची माफीही मागितली गेली. डब्यातल्या सगळ्यांची कागदपत्रे पाहिली तर तो नियम, आणि सत्तर जणांतून एकट्या सावळ्या माणसासमोर येऊन उभे राहिले तर तो भेद.

रीत समजून न घेतल्याने होणारे गैरसमज

सीमाभागातील माणसाला एक गोष्ट जन्मापासून शिकायला मिळते. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात शिरताना समोरच्याशी मराठीत सुरुवात करायची, कन्नडमध्ये करायची की हिंदीत, याचा अंदाज तो पाटी आणि चेहरा पाहून क्षणात बांधतो, आणि समोरच्याच्या भाषेत पहिले वाक्य टाकले की पुढचा व्यवहार सोपा होतो हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. फ्रान्समध्ये हेच कौशल्य कामी येते. पॅरिसमधील दुकानात शिरून “बोंझूर” न म्हणता थेट इंग्रजीत किंमत विचारली तर दुकानदाराचा चेहरा पडतो, कारण तेथे अभिवादनाशिवाय प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. जर्मनीत बेकरीच्या काउंटरवरील बाई हसत नाही, लोक ट्राममध्ये टक लावून पाहतात, रविवारी दुपारी घरात मिक्सर लावला तर शेजारी येऊन स्पष्ट शब्दांत तक्रार करतो. जर्मन शेजाऱ्यालाही तो असेच ऐकवतो. इटलीतील उपाहारगृहात बिलामध्ये माणशी दोन-तीन युरो “कोपेर्तो” म्हणून लावलेले दिसतात, ते टेबलावर बसण्याचे शुल्क असते आणि बाजूच्या टेबलावरील इटालियन कुटुंबाच्या बिलातही ते असते. जपानमध्ये रेल्वेत फोनवर बोलणे असभ्य मानले जाते, आणि आपल्याकडे तर गाडी सुटली की पहिला फोन “बसलो, जागा मिळाली” असा जातो.

याच कौशल्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. काउंटरवर भाषेवरून ताटकळण्याचा, अर्ज एकाच भाषेत मिळण्याचा, किंवा बसवर शाई फासली गेली म्हणून दोन्ही राज्यांच्या फेऱ्या बंद पडून अडकून राहण्याचा अनुभव गाठीशी असलेला माणूस परदेशात जाताना तेवढाच तिखट कान घेऊन जातो. त्याला खऱ्या अवहेलनेचा वास लवकर लागतो, आणि कधी कधी नसलेलीही अवहेलना ऐकू येते. म्हणून या भागातल्या प्रवाशाने पहिला प्रश्न जरा जास्तच वेळा विचारावा.

रीतीभाती पाळल्या की वर्णद्वेष वाट्याला येत नाही, आणि ज्यांच्या वाट्याला येतो ते नीट वागत नसतील, हा आपल्याकडील आवडता निष्कर्ष मात्र मला पटत नाही. आपल्या सहलींचे काही गट मोठ्याने बोलतात, रांग मोडतात, न्याहारीच्या टेबलावरून फळे आणि पाव पिशवीत भरतात, हे कोणी नाकारू नये. पण २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथील एका हॉटेलने याच बाबतींत सूचना लावली तेव्हा ती केवळ भारतीय पाहुण्यांना उद्देशून लावली होती: न्याहारीचे पदार्थ बाहेर नेऊ नयेत, मार्गिकेत मोठ्याने बोलू नये, वगैरे. सूचनेतील एकही मागणी गैर नव्हती. ती सर्व पाहुण्यांसाठी असती तर कोणी दोनदा वाचलीही नसती. एका देशाचे नाव वर घातल्याने, त्या दिवशी हॉटेलात उतरलेले आणि पाव-फळाला हातही न लावलेले भारतीय जोडपेसुद्धा आधीच आरोपी ठरले. काहींच्या वर्तनाचा दंड सगळ्यांच्या माथी मारणे, हे वर्णभेदाचे सर्वांत साधे आणि रोजचे रूप आहे.

खरा भेदभाव कसा दिसतो

तो क्वचितच आरडाओरडा करीत येतो. बहुधा तो “सगळ्या खोल्या भरल्या आहेत” या वाक्यातून येतो, आणि खोल्या खरोखर भरल्या होत्या का हे प्रवाशाला कळण्याची सोय नसते. यावर संशोधकांनी युक्ती काढली. अमेरिकेतील हार्वर्डच्या अभ्यासकांनी एअरबीएनबी या घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळावरील घरमालकांना सारख्याच मजकुराच्या चौकशा पाठवल्या, फक्त नावे बदलली. कृष्णवर्णीयांमध्ये आढळणारी नावे असलेल्या चौकशांना होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघाले. टीकेनंतर कंपनीने २०१८ मध्ये अशी व्यवस्था केली की पाहुण्याचे छायाचित्र घरमालकाला आरक्षण नक्की झाल्यावरच दिसावे. नाव मात्र दिसतेच. म्हणून घर शोधताना मालकाच्या मंजुरीवाचून तत्काळ नक्की होणारे पर्याय निवडणे शहाणपणाचे ठरते; नकाराला जागाच उरत नाही.

काही वेळा नकार उघड असतो आणि त्याला सबब जेवणाची असते. इंग्लंडमधील केंट परगण्यात शेकडो घरे भाड्याने देणाऱ्या एका मालकाने भारतीय व पाकिस्तानी भाडेकरू नकोत असे कळवले होते, कारण त्यांच्या स्वयंपाकाचा वास घराला कायमचा लागतो म्हणे. २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला अशी अट घालण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये यासाठी २०१० चा समानता कायदा आहे, जर्मनीत २००६ चा, ऑस्ट्रेलियात १९७५ चा, आणि अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल, उपाहारगृह व नाट्यगृह यांसारख्या ठिकाणी वर्णावरून प्रवेश नाकारण्यास बंदी आहे. कायदा असणे आणि तो रोजच्या व्यवहारात पाळला जाणे यांतले अंतर मात्र मोठे आहे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने १३ देशांतील आफ्रिकी वंशाच्या लोकांची पाहणी करून २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यात ४५ टक्के लोकांनी गेल्या पाच वर्षांत वर्णभेद सोसल्याचे सांगितले, आणि चांगले कायदे असलेले जर्मनी व ऑस्ट्रिया या यादीत सर्वांत वर होते. पाहणी भारतीयांची नव्हती; पण ज्याच्या हातून त्यांना नकार मिळतो तो दारावरचा माणूस सावळ्या चेहऱ्याला फार बारकाईने निरखत नाही.

जपानची गोष्ट याहून वेगळी. तेथे खासगी दुकानदार किंवा हॉटेलमालकाला वर्णावरून नकार देण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा नाही. ओतारू शहरातील एका गरम पाण्याच्या स्नानगृहाने “फक्त जपानी” अशी पाटी लावली होती. अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे जपानी नागरिकत्व घेतलेला एक माणूस तेथे गेला, त्याने आपली कागदपत्रे दाखवली, तरी चेहरा जपानी नाही म्हणून त्याला आत घेतले नाही. सप्पोरोच्या न्यायालयाने २००२ मध्ये तिघा तक्रारदारांना प्रत्येकी १० लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला. पासपोर्टवरून होणारा भेद आणि चेहऱ्यावरून होणारा भेद यांतील फरक समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आखातात रंग आणखी वेगळा. संयुक्त अरब अमिरातीने २०१५ मध्ये भेदभाव व द्वेष पसरवण्याविरुद्ध कडक कायदा केला, रस्त्यावर परदेशी माणसाला कोणी शिवी देण्याची शक्यता तेथे कमी. पण एकाच कामासाठी वेगवेगळ्या देशांच्या पासपोर्टला वेगवेगळा पगार हे तेथील नोकरीबाजारातील उघड गुपित आहे. दुबईत आठवडाभर फिरायला गेलेल्या कुटुंबाला हे जाणवतही नाही, आणि त्याच शहरात बांधकामावर असलेल्या भाच्याला ते रोज जाणवते.

हिंसेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर प्रवाशाच्या बाबतीत ती विरळ आहे आणि ती टाळण्याच्या खबरदाऱ्या कोणत्याही शहरातल्यासारख्याच आहेत: रात्री उशिराचे निर्जन स्थानक, मद्य प्यालेले टोळके, चिथावणीला दिलेले उत्तर. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात पेट्रोलपंप चालवणाऱ्या एका शीख गृहस्थाचा, पगडी आणि दाढी पाहून अरब समजून, खून झाला. २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील ओलाथ येथे एका बारमध्ये दोन भारतीय अभियंत्यांवर गोळ्या झाडणाऱ्याने नंतर सांगितले की आपण इराण्यांना मारले. आपले काही लोक परदेशात “आम्ही त्यांच्यातले नाही, आम्ही भारतीय” असे सांगून सुटका करून घेऊ पाहतात. ते उपयोगाचे नाही, कारण मारणारा विचारत नाही. आणि शोभणारेही नाही, कारण त्याचा अर्थ “त्यांना मारलेले चालेल” असा होतो. ओलाथच्या त्या बारमध्ये मध्ये पडून स्वतः गोळी झेलणारा माणूस स्थानिक गोरा अमेरिकी होता, हेही त्याच घटनेचा भाग आहे.

गावागणिक नजर बदलते

“तिथले लोक कसे आहेत” या प्रश्नाला देशाच्या नावाने उत्तर देता येत नाही. लेस्टरमध्ये साडी नेसलेल्या बाईकडे कोणी मान वळवून पाहत नाही. पूर्व जर्मनीतल्या एखाद्या लहान गावात तिच्याकडे सगळा बसथांबा पाहतो. चीन किंवा इंडोनेशियातील आडगावी लोक हसत हसत जवळ येऊन तिच्यासोबत फोटो मागतात, अगदी गोकाकच्या धबधब्यावर आलेल्या गोऱ्या पाहुण्यांकडे आपली मुले मागतात तसे. त्यात द्वेष नसतो. दहाव्यांदा विचारल्यावर कंटाळा येतो, एवढेच. इटलीतील मोंटोने या डोंगरावरच्या गावात तर २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे नाईक १० जुलै १९४४ रोजी त्या भागात लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या पलटणीचे केंद्र बेळगावात आहे तिचे नाव त्या गावाला ठाऊक आहे, आणि तेथून तासाभराच्या अंतरावरील शहरातल्या हॉटेलवाल्याला कदाचित नसेल.

नजरेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या नजरेचाही हिशेब मांडायला हवा. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज कोकणी, मराठी आणि कन्नड बोलतात. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतल्यांना तो मिळायला २०२० उजाडले, आणि त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. असे असूनही बेळगावच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या सिद्दी तरुणाशी लोक अजून इंग्रजीत बोलायला जातात, कोणत्या देशातून आलास असे विचारतात, आणि त्याने मराठीत उत्तर दिले की चकित होऊन एकमेकांकडे बघतात. लंडनमध्ये जन्मलेल्या मराठी मुलीला “तू मूळची कुठली?” असे विचारले की आपल्याला जे बोचते, ते नेमके हेच.

हीच नजर घेऊन आपण विमानात बसतो. कृष्णवर्णीय सहप्रवाशाशेजारची जागा बदलून मागणारे, कोणाला कळत नाही अशा समजुतीने मोठ्याने “हबशी” किंवा “चिनी” म्हणणारे भारतीय प्रवासी मी पाहिले आहेत, आणि नैरोबी किंवा लंडनमध्ये आपल्या भाषा समजणारे लोक किती आहेत याची त्यांना कल्पना नसते. भेदभावाची भीती सोबत नेणाऱ्याने तो स्वतः करू नये, अशी अपेक्षा ठेवण्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही. जातही सामानाबरोबर जाते; सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली, ती तेथील गोऱ्यांच्या वर्तनामुळे नव्हे.

प्रसंग आलाच तर

आता दुसरा प्रश्न: समोरच्याच्या हातात किती अधिकार आहे? उपाहारगृहातील वेटर मुद्दाम लक्ष देत नसेल, तर त्याच्या हातात आपली एक संध्याकाळ आहे. उठून दुसरीकडे जावे आणि वाटल्यास नंतर लेखी तक्रार करावी. पोलीस किंवा इमिग्रेशन अधिकारी असेल, तर त्याच्या हातात आपला संपूर्ण प्रवास आहे. तेथे शांतपणे कागदपत्रे दाखवावीत, आवाज चढवू नये, विनोद करू नये, आणि वाद त्या जागी न घालता अधिकाऱ्याचा बिल्ला क्रमांक, वेळ, गाडीचा किंवा काउंटरचा क्रमांक तेवढा टिपून ठेवावा. रस्त्यावर शिवी देणाऱ्याकडे कोणताच अधिकार नसतो, असते ती फक्त आपल्याला भडकवण्याची इच्छा. त्याच्याशी नजर न भिडवता माणसांच्या गर्दीकडे, दुकानात किंवा बसचालकाजवळ सरकणे उत्तम. अंगावर आला तर युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका व कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ००० आणि जपानमध्ये पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत.

आपल्याकडे कोणी वाद घातला की पहिला हात मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे जातो. परदेशात ही सवय आवरावी लागते. जर्मनीत दोघांतले खासगी बोलणे समोरच्याच्या नकळत रेकॉर्ड करणे हाच फौजदारी गुन्हा आहे, आणि अमिरातीत एखाद्याचे छायाचित्र परवानगीशिवाय काढून समाजमाध्यमांवर टाकल्यास तक्रारदारच आरोपी होऊ शकतो. त्यापेक्षा आजूबाजूच्या एखाद्या माणसाचे नाव आणि फोन नंबर साक्षीसाठी मागून घ्यावा. पुष्कळदा लोक देतात.

भारतीय दूतावासाकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. पासपोर्ट हरवला तर तात्पुरता प्रवास दाखला देणे, अटक झाल्यास भेटणे, वकिलांची यादी पुरवणे, घरच्यांना कळवणे ही कामे दूतावास करतो. स्थानिक पोलिसांना आदेश देणे किंवा खटला आपल्या बाजूने वळवणे त्याच्या हातात नसते. दूतावास दाद देत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाचे २०१५ पासून चालू असलेले “मदद” हे तक्रार पोर्टल आहे, आणि त्यावर बेळगावात बसलेले नातेवाईकसुद्धा तक्रार नोंदवू शकतात.

भेदभावाची रीतसर तक्रार करायची असेल, तर प्रत्येक देशात त्यासाठी वेगळी संस्था असते: जर्मनीत संघीय भेदभावविरोधी कार्यालय सल्ला देते, फ्रान्समध्ये हक्करक्षक नावाचे घटनात्मक पद आहे, ऑस्ट्रेलियात मानवी हक्क आयोग आहे. येथे आईवडिलांच्या बाबतीत एक व्यावहारिक घोळ होतो. घडलेला प्रकार ते मुलांना सांगतच नाहीत, त्यांच्या सुट्टीत विघ्न नको म्हणून; आणि बेळगावला परतल्यावर, जेट लॅग उतरल्यावर, कधीतरी जेवताना बोलून जातात की त्या दुकानदाराने आम्हाला हाताला धरून बाहेर काढले होते. जर्मन कायद्यानुसार भरपाईची मागणी घटनेपासून दोन महिन्यांच्या आत समोरच्या पक्षाकडे करावी लागते. त्या मुदतीत मुलीने किंवा मुलाने तेथून पत्र पाठवले तरी चालते, फक्त त्यासाठी तारीख, ठिकाण आणि काय बोलले गेले हे त्याच संध्याकाळी घरी सांगून मराठीत का होईना, कागदावर लिहून ठेवलेले असावे लागते.